आउटसोर्सिंगची भीती, पॅकेजचा मोह आणि कॉम्प्युटरची सीट

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅपच्या फेऱ्या सुरू झाल्या, की पर्याय भरायला बसलेल्या घरांत ठरलेली वाक्यं ऐकू येतात. एक काका सांगतात, ‘आता आयटीत काही राहिलं नाही.’ दुसरे म्हणतात, ‘काहीही करा, पण कॉम्प्युटरच घ्या.’ दोघंही बातम्या वाचूनच बोलत असतात. पण त्यांच्या बोलण्यावर एका अठरा वर्षांच्या मुलाची चार वर्षं आणि घरची जमापुंजी लागणार असते. म्हणून या वाक्यांत तथ्य किती, हे बघायलाच हवं.

‘आउटसोर्सिंगने अमेरिकेतल्या प्रोग्रॅमरांच्या नोकऱ्या संपवल्या.’ हा समज अमेरिकेतच पसरला आणि त्याची किंमतही तिथल्याच मुलांनी मोजली. २००० नंतर डॉटकॉम कंपन्या कोसळल्या. त्याआधी वायटूकेच्या, म्हणजे २००० साल लागताना संगणकांतल्या तारखा दुरुस्त करण्याच्या कामामुळे भारतीय कंपन्यांचा तिकडे जम बसला होता. २००२ साली फॉरेस्टर या संस्थेने अंदाज वर्तवला, की २०१५ पर्यंत सेवाक्षेत्रातल्या ३३ लाख नोकऱ्या देशाबाहेर जातील. त्यातल्या आयटीच्या नोकऱ्या पाच लाखांच्याही आत होत्या, पण तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. घराघरांत मुलांना कॉम्प्युटरपासून लांब राहण्याचे सल्ले मिळू लागले. अमेरिकेत २००४ साली कॉम्प्युटरच्या सुमारे ६० हजार पदव्या दिल्या गेल्या होत्या. २००९ साली त्या ३८ हजारांवर आल्या.

आता त्याच वर्षांत काय काय घडत होतं ते पाहा. २००४ मध्येच गूगल शेअर बाजारात आली आणि फेसबुक सुरू झालं. २००७ मध्ये आयफोन आला. संगणकशास्त्रज्ञांच्या एसीएम या संस्थेच्या अभ्यासगटाने २००६ साली सांगितलं, की बाहेर जाणाऱ्या नोकऱ्या वर्षाला फार तर दोन-तीन टक्के आहेत आणि देशातल्या एकूण आयटी नोकऱ्या डॉटकॉमच्या तेजीतल्यापेक्षाही जास्त झाल्या आहेत. पण तोवर मुलं दुसरीकडे वळली होती.

तरी ती भीती अगदीच निराधार होती असं मी म्हणणार नाही. अमेरिकेचं श्रम खातं ‘प्रोग्रॅमर’ आणि ‘सॉफ्टवेअर डेव्हलपर’ यांची मोजणी वेगवेगळी करतं. २०२३ ते २०३३ या काळात प्रोग्रॅमरांच्या नोकऱ्या १० टक्क्यांनी घटतील आणि डेव्हलपर व टेस्टर मंडळींच्या १७ टक्क्यांनी वाढतील, असा त्या खात्याचा अंदाज होता. दुसऱ्याने ठरवून दिलेलं कोडमध्ये उतरवणं हे पहिलं काम, आणि काय बनवायचं, कसं बनवायचं हे ठरवणं दुसऱ्यात येतं. पहिलं काम सहज देशाबाहेर जातं, दुसरं तितक्या सहज जात नाही. ब्रँच निवडण्याआधी मुलांना कोणी सांगत नसेल, तर हे सांगायला हवं.

हा फरक पुण्यातही रोज दिसतो. समजा, एखाद्या अमेरिकन विमा कंपनीच्या सिस्टिममध्ये क्लेमची स्थिती रात्रीतून अपडेट झाली नाही. तिकीट पडतं. हिंजवडीत शिफ्टला बसलेला मुलगा लॉग बघतो, डॉक्युमेंटमध्ये दिलेल्या पायऱ्या चालवतो आणि तिकीट बंद करतो. हे काम लिहून देता येतं, म्हणून ते इथे आलं. लिहून देता येतं, म्हणूनच ते आता एआयकडेही सोपवता येतं. त्याच टीममधल्या मुलीच्या लक्षात येतं, की हे तिकीट महिन्यात तिसऱ्यांदा आलंय. ती मूळ कारण शोधते. क्लायंटकडची फाइल उशिरा येते आणि आपला जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारा प्रोग्रॅम, तिच्याआधीच धावतो, हे तिला सापडतं. क्लायंटशी बोलून ती वेळ बदलून घेते. तिने जे केलं ते कुठल्याच डॉक्युमेंटमध्ये नव्हतं. दोघांची डिग्री एक आणि पगारही बहुधा एकच. पाच वर्षांनी मात्र दोघं एकाच जागी नसतील.

‘एकदा आयटीत शिरलं, की लाइफ सेट.’ ऑफर लेटर समोर ठेवून पाहा. इतर कंपन्यांची कामं कंत्राटाने करणाऱ्या मोठ्या सर्व्हिस कंपन्यांत फ्रेशरचं पॅकेज गेली दहा-बारा वर्षं साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतंय. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी, व्हेरिएबल असं सगळं धरलेलं असतं. महिन्याला हातात वीस-बावीस हजार येतात. हे असं का, तर क्लायंटशी दर ठरलेला असतो. प्रोजेक्टवर वर मोजके अनुभवी आणि खाली भरपूर फ्रेशर अशी उतरंड रचली, की सरासरी खर्च आटोक्यात राहतो. वरच्यांचे पगार वाढत जातात, ते पेलण्यासाठी तळाचा पगार वाढत नाही. क्लायंटने हात आखडता घेतला, की आधी थांबते तीही तळाचीच भरती. नॅसकॉम या आयटी उद्योगाच्या संघटनेच्या आकड्यांनुसार २०२१-२२ मध्ये या उद्योगात निव्वळ साडेचार लाखांच्या आसपास नोकऱ्या वाढल्या. २०२३-२४ मध्ये फक्त ६० हजार. २०२१ ची तेजी बघून ज्यांनी कॉम्प्युटर घेतलं, ती मुलं २०२५ मध्ये बाहेर पडली. अमेरिकेतली मुलं मंदी बघून दूर गेली, आपली मुलं तेजी बघून धावली. दोघांनीही चार वर्षांनंतरचा निर्णय आजच्या बातमीवर घेतला.

वर चढलेल्यांनाही शाश्वती नाही. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं. त्यात मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतले लोक होते.

‘कॉम्प्युटर नाही मिळालं तर सगळं संपलं.’ हा समज तर थेट खोडून काढावा असा. सर्व्हिस कंपन्या वर्षानुवर्षं मेकॅनिकल, सिव्हिलच्या मुलांनाही ॲप्टिट्यूड टेस्टवर घेत आल्या आहेत. शिवाय परदेशी कंपन्या आता काम कंत्राटाने देण्याऐवजी भारतात स्वतःचीच केंद्रं उघडत आहेत. देशभरात अशी १,७०० हून जास्त केंद्रं झाली आहेत. पुण्यात जॉन डिअर आणि कमिन्सची तांत्रिक केंद्रं आहेत. ट्रॅक्टर आणि इंजिनांच्या अशा कामात मशिन कळणारी माणसंही लागतात, नुसतं कोडिंग पुरत नाही.

राहिला कॉलेजचा बोर्ड, ‘प्लेसमेंट ९५ टक्के’. एकाच मुलाला मिळालेल्या दोन ऑफर त्यात दोनदा मोजलेल्या असू शकतात. टक्का फक्त ‘पात्र’ मुलांचा असू शकतो. ऑफर मिळूनही रुजू करून न घेतलेली मुलं त्यात कुठे दिसत नाहीत, आणि २०२२ च्या बॅचमधल्या काहींना जॉइनिंगसाठी दोन दोन वर्षं ताटकळावं लागलं होतं. बोर्डावरचा सर्वात मोठ्या पॅकेजचा आकडा बहुतेकदा एकाच मुलाचा असतो. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ रँकिंगमध्ये भाग घेणाऱ्या कॉलेजांना किती मुलं पास झाली, किती नोकरीला लागली, किती पुढे शिकायला गेली आणि पगाराचा मध्य किती, ही माहिती द्यावी लागते. त्याची पीडीएफ कॉलेजच्या वेबसाइटवर असते. पर्याय भरण्याआधी ती उघडा आणि पगाराच्या त्या रकान्यात काय लिहिलंय ते सलग तीन वर्षांचं वाचा.