ओढत्या ब्लोअरचे डिझेल : बचत कोठे करावी, कोठे करू नये

द्राक्ष, डाळिंब, संत्रा किंवा किन्नू यांपैकी कोणतीही बाग असो, फवारणीचा हंगाम ऐन भरात आला की ट्रॅक्टर आणि त्यामागे ओढला जाणारा ब्लोअर यांना उसंत राहत नाही. डिझेलचा खर्च डोळ्यांसमोर वाढत जातो. अशा वेळी अनुभवी चालक एक जुनी युक्ती वापरतो : गिअर वरचा टाकायचा आणि ॲक्सिलरेटर कमी ठेवायचा. रिकामी किंवा अर्धी भरलेली ट्रॉली रस्त्यावरून नेताना ही युक्ती योग्यच आहे. इंजिन मध्यम वेगावर आणि पुरेशा भाराखाली चालते, तेव्हा डिझेलचा उपयोग अधिक चांगला होतो. मात्र हीच सवय ब्लोअर चालवताना बागेत आणली, तर वाचलेल्या डिझेलची किंमत कीड नियंत्रणाच्या अपयशाने चुकवावी लागते. म्हणून ट्रॅक्टरची शक्ती नेमकी कोठे खर्च होते, हे आधी समजून घेणे अगत्याचे आहे.

शक्तीचा हिशेब

एक उदाहरण घेऊ. १००० लिटरची भरलेली टाकी व यंत्र मिळून सुमारे १४०० किलो आणि लहान ट्रॅक्टर १२०० किलो, असे एकूण २६०० किलो वजन ताशी ४ किलोमीटर वेगाने बागेतून जात आहे. भुसभुशीत सपाट जमिनीत चाकांना होणारा रोध वजनाच्या ८ टक्के धरला, तर हे सर्व वजन पुढे नेण्यास सुमारे ३ अश्वशक्ती पुरते. याउलट ब्लोअरचा पंखा आकारमानानुसार साधारण १५ ते २५ अश्वशक्ती घेतो. म्हणजे सपाट बागेत डिझेल खाणारा घटक ओढण्याचे वजन नसून पंखा आहे. चढाच्या जमिनीत ओढण्याचा वाटा अर्थातच वाढतो.

पंख्याचा एक भौतिक नियम येथे लक्षात ठेवावा. पंख्याचा वेग जितका कमी होतो, तितकीच हवा कमी होते. परंतु लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात उतरते. पीटीओचा वेग मिनिटाला ५४० फेऱ्यांवरून ४३० वर आणला, तर हवा सुमारे २० टक्क्यांनी घटते आणि पंख्याची शक्ती जवळजवळ निम्म्यावर येते. इंजिनाचे स्वतःचे घर्षण कायम राहत असल्यामुळे डिझेल त्या प्रमाणात निम्मे होत नाही, तरीही फरक चालकाला जाणवतो. मोह होतो तो येथेच.

किडीच्या बाजूने पाहता

ब्लोअरमधील हवेचे काम केवळ थेंब उडवण्याचे नाही. झाडाच्या विस्तारात साचलेली हवा बाहेर ढकलून तिच्या जागी औषधाचे थेंब असलेली हवा भरणे आणि पाने हलवून त्यांची खालची बाजू उघडी करणे, हे तिचे खरे काम. लाल कोळी पानांच्या खालच्या बाजूस राहतो. पिठ्या ढेकूण सालीखाली आणि घडांच्या आत दडतो. फुलकिडे कोवळ्या शेंड्यांत व फुलोऱ्यात असतात. हवा कमी पडली की थेंब बाहेरच्या पानांवरच थांबतात. बाहेरून पाहणाऱ्यास झाड ओलेचिंब दिसते, पण कीड सुरक्षित राहते.

आठवड्याभरात उरलेली कीड पुन्हा वाढते आणि दुसरी फवारणी करावी लागते. त्या फवारणीस पुन्हा डिझेल, पुन्हा औषध, पुन्हा मजुरी लागते. काढणी जवळ आली असल्यास अवशेषांचा प्रश्नही उभा राहतो. वरचेवर होणाऱ्या फवारण्यांमुळे किडींमध्ये प्रतिकारक्षमता वाढण्यास वाव मिळतो, हे नुकसान तर कोणत्याही हिशेबवहीत लिहिले जात नाही.

खरी बचत कोठे आहे

पहिली बचत इकॉनॉमी पीटीओची. ज्या ट्रॅक्टरवर ही सोय आहे, तेथे इंजिनाचा वेग कमी ठेवूनही पीटीओला ५४० फेऱ्या मिळतात. हवा तीच राहते आणि डिझेल कमी लागते. अट एवढीच, की पंख्याच्या गरजेपेक्षा ट्रॅक्टरची शक्ती पुरेशी अधिक असावी. इंजिन दबत असेल किंवा काळा धूर सोडत असेल, तर लगेच साध्या पीटीओवर यावे.

दुसरी बचत झाडाच्या विस्तारानुसार हवा देण्याची. छाटणीनंतर पाने कमी असताना पूर्ण हवा वाया जाते. दोन वेगांचा गिअरबॉक्स असलेल्या ब्लोअरचा पंखा या काळात कमी वेगावर चालवावा. पंप मात्र पूर्ण वेगाने चालत राहतो, त्यामुळे दाब टिकतो. विस्तार भरल्यावर पंखा वरच्या वेगावर न्यावा.

तिसरी बचत रिकाम्या फेऱ्यांची. पाणी भरण्याची जागा बागेजवळ असावी. रस्त्याने जाताना पीटीओ बंद असावा. टाकीत उरेल इतके द्रावण तयार करू नये, कारण ते विनाकारण वाहून न्यावे लागते.

वेग व प्रवाह यांचा मेळ

बागेत ५० मीटर अंतर मोजून खुणा कराव्यात. ते अंतर ४५ सेकंदांत पार झाले, तर वेग ताशी ४ किलोमीटर आहे. त्यानंतर नोझलांचा एकूण प्रवाह ठरवावा : प्रतिहेक्टरी लिटर गुणिले ताशी वेग गुणिले मीटरमधील ओळींतील अंतर, भागिले ६००. प्रतिहेक्टरी ५०० लिटर, वेग ४ किलोमीटर आणि अंतर २.७ मीटर असल्यास मिनिटाला ९ लिटर प्रवाह लागतो. वेग वाढवल्यास हेक्टरी डिझेल कमी लागते, पण प्रत्येक झाडाला मिळणारी हवाही कमी होते. म्हणून दाट विस्तारात घाई टाळावी.

इंजिनाची निगा

डिझेल इंजिनाचा धूर बोलका असतो. कामाच्या भाराखाली सतत काळा धूर येणे म्हणजे हवा कमी पडत आहे, इंजेक्टर नीट फवारत नाही किंवा भार जास्त आहे. निळा धूर इंजिन ऑइल जळत असल्याचे सांगतो. गरम इंजिनातून येणारा पांढरा धूर न जळलेल्या डिझेलची किंवा पाण्याची शंका दर्शवतो. धुळीच्या बागेत एअर फिल्टरची तपासणी रोज करावी. ऑइल बाथ प्रकारात तेलाची पातळी व गाळ पाहावा. इंजेक्टरचा दाब, इंधन सोडण्याची वेळ आणि टॅपेटमधील अंतर ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेल्या तासांनुसार जाणकार कार्यशाळेतून तपासून घ्यावे. अधिक शक्तीच्या आशेने डिझेल पंपाचे सील तोडून इंधन वाढवणे हा ट्यूनिंगचा प्रकार नव्हे. त्यातून धूर, उष्णता आणि खर्च वाढतो.

तीन मोजण्या

विस्तार कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिकात तीन मोजण्या अवश्य कराव्यात. पहिली, पंखा चालू असताना, म्हणजे भाराखाली, पीटीओचा वेग प्रकाशकिरणाच्या टॅकोमीटरने सुरक्षित अंतरावरून मोजावा. शाफ्टवरील संरक्षक आवरण काढू नये. दुसरी, सपाट जागी डिझेलची टाकी काठोकाठ भरून ठरावीक क्षेत्र फवारावे आणि त्याच जागी, त्याच खुणेपर्यंत टाकी भरण्यास किती डिझेल लागले ते मापाने मोजावे. तिसरी, झाडाच्या आतील भागात पानांच्या दोन्ही बाजूंस पिवळा जलसंवेदी कागद लावून निळे ठिपके पाहावेत.

हे तिन्ही आकडे एकाच कागदावर शेजारी शेजारी लिहावेत. डिझेल कमी लागले आणि आतला कागदही ठिपक्यांनी भरला, तरच ती बचत. कागद पिवळाच राहिला, तर वाचलेले डिझेल पुढील फवारणीच्या खात्यावर उसने घेतले आहे, असे समजावे.