काकींचे पुणे

पुणे एका दिवसात पाहून होते काय, असे पुणेकराला कधी विचारू नये. तो नुसता हसतो, आणि ते हसणे आपल्याला दिवसभर पुरते. पण आमच्या काकींना एकच दिवस मोकळा होता. दुसऱ्या दिवशी उसाला पाणी द्यायचे होते.

काकी इनामगावच्या. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी हे गाव. सत्तरी उलटली, तरी पुण्याला त्या दोनदाच आलेल्या, आणि तेही इस्पितळात. या खेपेस पुणे पाहायचे ते पाहण्यासाठीच, असा माझा बेत. न्हावरे, शिक्रापूर, वाघोली करीत एस.टी. येरवड्याजवळ आली, तशा काकी म्हणाल्या, "डेक्कन कालेज हितंच कुठंतरी हाय न्हवं? आदी तितं चल."

"ते परतताना, काकी. आधी शनिवारवाडा."

त्या गप्प बसल्या.

दिल्ली दरवाजाचे अणकुचीदार खिळे त्यांना आवडले. हत्तीच्या धडकेसाठी केलेला बंदोबस्त तो! आत मात्र निराशा. १७३० साली थोरल्या बाजीरावांनी पाया घातलेला हा वाडा १८२८ च्या आगीत जळाला. "आरं, वाडा कुठाय? ही तर नुसती जोती!" काकींचे हे म्हणणे खोडून काढणे मला जमले नाही.

तेथून केळकर संग्रहालय. अडकित्ते, वज्र्या, समया, कोरीव दरवाजे, मस्तानी महाल. काकी भराभर पुढे चालल्या होत्या. दिनकर केळकरांनी आयुष्यभर हिंडून जमविलेल्या या संग्रहाला लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव दिले, हे मी सहज सांगितले. तेव्हा त्या थबकल्या.

"लेकाचं नाव?" एवढेच म्हणाल्या.

डेक्कन कॉलेज गाठले तेव्हा संग्रहालय बंद व्हायला थोडाच वेळ उरला होता. येथे वाचकांना सांगायला हवे की, १९६८ पासून १९८३ पर्यंत याच संस्थेने इनामगावचे पांढरीचे टेकाड खणले. सांकलिया, अन्सारी आणि ढवळीकर ही त्यातली मोठी नावे. इ.स.पूर्व १६०० ते ७०० या काळातली शंभराहून अधिक घरे तेथे उजेडात आली. आधीची चौकोनी, ऐसपैस, आणि पाऊस हटल्यावरच्या गरिबीतली लहान, गोल झोपडी. जव पिकविणारी, गाईगुरे राखणारी माणसे ती. मोठे माणूस गेले की घोट्याखाली पाय तोडून पुरत. मेलेल्याने घर सोडून जाऊ नये म्हणून असेल, असा तर्क आहे. आणि लहान मूल गेले की दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात ठेवीत आणि घराच्याच जमिनीखाली पुरत.

त्या खड्ड्यातून मातीच्या पाट्या वाहणाऱ्या बायांत काकी होत्या. आम्हां पोरांना हे ठाऊक होते. पुढचे ठाऊक नव्हते.

जोर्वे पद्धतीची तांबडी, काळ्या नक्षीची भांडी, तोटीचे गडू, गारगोटीची पाती, सारे मागे टाकून काकी त्या रांजणांपाशी उभ्या राहिल्या.

"आमच्या खड्ड्यात असंच निगालं व्हतं. सायेब कुंचल्यानं माती झाडत व्हते. आत एवढीएवढीशी हाडं. माझी पोर जाऊन तवा म्हैना बी झाला नव्हता. आमी तिला वढ्याकडंला ठिवली. म्या मुकादमाला म्हनलं, आज माजी हजरी मांडू नका, आन् घरी गेले."

मला काय बोलावे ते सुचेना. काचेला हात लावू नका, असे शिपाई हलक्या आवाजात म्हणाला. काकींनी हात मागे घेतला.

"हेंनी घरातच ठिवलं व्हतं," त्या म्हणाल्या. "चुलीच्या जवळ. ऊब ऱ्हायली आसंल."

मग पदर सावरून त्यांनी एस.टी. किती वाजता आहे ते विचारले.