पहिली रायफल कुठल्या बोअरची?

खारघरचा माझा भाचा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या रविवारी जेवायला आला तो प्रश्न घेऊनच. “मामा, पहिलीच हंटिंग रायफल घ्यायची तर टू-फोर-थ्री बरी की थ्री-नॉट-एट?” मोबाइलवर अमेरिकेतले शिकारी बघून बघून दोन्ही काडतुसांचा वेग, गोळीचं वजन, खांद्याला बसणारा धक्का, सगळं त्याला तोंडपाठ. मी म्हटलं, “आधी आमटी वाढून घे, मग सांगतो.”

जेवण झाल्यावर त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो आहे, कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. रेंजवर नव्याने येणाऱ्या दहांतले निम्मे असंच काहीतरी विचारतात.

शिकारीचं आधी उरकू. आपल्याकडे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. सुरुवातीला त्यात काही प्राण्यांसाठी परवाना काढून शिकार करायची सोय होती. १९९१च्या दुरुस्तीने तीही गेली. आता छंद म्हणून शिकार करण्याचा कायदेशीर मार्गच उरलेला नाही. माणसाच्या जिवावर उठलेला किंवा शेताची नासाडी करणारा प्राणी मारायचा तर वनखात्याचा लेखी आदेश लागतो, आणि तो तुमच्याआमच्या हौसेसाठी निघत नाही. कोकणात पीक राखायला ठासणीची बंदूक बाळगणारे शेतकरी आहेत, पण त्यांच्याकडे त्या कामाचा परवाना असतो आणि निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात ती बंदूक जमा करायची पाळी बहुतेकांवर येते.

आता बोअर. बोअर किंवा कॅलिबर म्हणजे नळीच्या आतल्या भोकाचा व्यास. पॉइंट टू-टू म्हणजे इंचाचे शंभर भाग केले तर त्यातले बावीस, साधारण ५.६ मिलिमीटर. बारा बोअरचा हिशेब मात्र जुन्या पद्धतीचा. त्या नळीत नेमका बसेल असा शिशाचा गोळा केला तर असे बारा गोळे मिळून एक पौंड भरतो. म्हणून तिथे आकडा वाढला की नळी बारीक होते. भाच्याला हे ऐकून फार गंमत वाटली. इतके व्हिडिओ बघून हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

त्याची लाडकी थ्री-नॉट-एट म्हणजे ७.६२ मिलिमीटर, लष्कराच्या काडतुसाचं माप. थ्री-नॉट-थ्रीसारखीच ती आपल्याकडे ‘प्रतिबंधित बोअर’मध्ये मोडते. सामान्य माणसाला तिचा परवाना मिळेल ही आशा सोडून द्यावी. जुन्या शिकाऱ्यांच्या घरी भिंतीवर दिसायची ती सरकारी कारखान्यातली तीनशे पंधरा. तिला परवाना मिळू शकतो, पण त्यासाठी वयाची एकवीस वर्षं पूर्ण लागतात, बंदूक कशासाठी हवी याचं पटणारं कारण लागतं, आणि नवी मुंबईकराला सीबीडी बेलापूरच्या पोलीस आयुक्तालयाचा जिना चढावा लागतो. ‘शिकारीसाठी’ हे कारण अर्जात लिहून बघा एकदा.

मग उरतं काय? उरतं ते फार चांगलं आहे. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे ज्या एअर रायफलची नळी ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठी नाही आणि जिच्या छर्ऱ्याची ऊर्जा २० जूलच्या वर जात नाही, तिला परवाना लागत नाही. दोन्ही अटी एकाच वेळी पाळल्या गेल्या पाहिजेत. दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागेल, तो मुकाट्याने द्यावा. आणि ४.५ मिलिमीटर, म्हणजेच पॉइंट वन-सेव्हन-सेव्हन, हीच ऑलिंपिकमधल्या दहा मीटर एअर रायफलची बोअर आहे. थोडक्यात, कॅलिबर कुठलं या प्रश्नाचं उत्तर कायद्याने आणि खेळाने मिळून आधीच देऊन ठेवलं आहे. दुकानात कोणी ‘जोर जास्त आहे’ म्हणून पॉइंट टू-टूची एअरगन पुढे केली तर ती परवान्याची वस्तू आहे एवढं ध्यानात ठेवा.

जोर हवा कशाला, हेही बघू. स्पर्धेतली एअर रायफल जेमतेम साडेसात जूलची असते. छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, वेग सेकंदाला साधारण १७० मीटर. दहा मीटर जायला त्याला सहा शतांश सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो पावणेदोन सेंटीमीटर खाली येतो. साइट लावताना ही घसरण जमेस धरलेली असते. छर्ऱ्याचं तोंड चपटं असतं, म्हणजे कागदाला गोल, स्वच्छ भोक पडतं आणि गुण मोजताना वाद होत नाही.

ते लक्ष्य एकदा हातात घेऊन बघावं. कागदावरचं काळं वर्तुळ ३०.५ मिलिमीटरचं, पाच रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं. त्याच्या मधोमध अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका म्हणजे ‘दहा’. पेनाने सहज टेकवलेल्या पूर्णविरामाएवढा. छर्ऱ्याची कड त्या ठिपक्याला नुसती लागली तरी दहा मिळतात, म्हणजे छर्ऱ्याचा मध्य ठिपक्याच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत हवा. पण आता गुण दशांशात मोजतात आणि १०.९ हवे असतील तर ही मोकळीक पाव मिलिमीटरवर येते. उलट हिशेब करा. मागच्या आणि पुढच्या साइटमध्ये पाऊण-एक मीटर अंतर असतं. नळीचं टोक मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढं हललं की दहाचा नऊ होतो. श्वास घेतला तरी त्याहून जास्त हलतं. म्हणूनच या खेळात धूम ठोकणाऱ्या गोळीपेक्षा न हलणारी रायफल मोलाची.

रायफली मुख्यतः दोन जातींच्या. पहिली स्प्रिंगवाली. नळी मधून मोडायची, आतली स्प्रिंग दाबली जाते, चाप ओढला की दट्ट्या पुढे धावतो आणि त्याने दाबलेली हवा छर्ऱ्याला ढकलते. स्वस्त, दणकट, पंपाबिंपाची कटकट नाही. दोष एकच: छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत दट्ट्याच्या धावण्याने सगळी रायफल पुढेमागे हिसका खाते. मी स्वतः कॉलेजात असताना अशीच एक घेतली होती आणि दुकानदाराने वर एक दुर्बीण गळ्यात मारली होती. महिनाभरात त्या दुहेरी हिसक्याने दुर्बिणीतली काच सैल झाली. पुढे कळलं की या स्पर्धांत दुर्बीण चालतच नाही.

दुसरी जात पीसीपी. नळीखालच्या सिलिंडरमध्ये आधीच २०० बारपर्यंत हवा भरून ठेवायची. चाप ओढला की मोजून-मापून थोडी हवा सुटते. हिसका जवळपास नाही. जगभरच्या स्पर्धांत हीच. फाइनवेर्कबाऊ, वॉल्थर, अन्शुट्झ ही जर्मन नावं, स्टायर ऑस्ट्रियाची. आयात केलेली नवी रायफल काही लाखांत जाते. भारतीय बनावटीची प्रिसिहोल त्या मानाने आवाक्यातली. सेकंडहँड घेणार असाल तर सिलिंडरवर कोरलेली तारीख आधी वाचा. सिलिंडरचं आयुष्य ठरावीक वर्षांचं असतं आणि मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत तपासणीलाच अडतो.

पण मी भाच्याला निक्षून सांगितलं, सहा महिने काहीच विकत घ्यायचं नाही. क्लबची रायफल वापरायची. नवी मुंबईकरांचं भाग्य असं की पनवेलला सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई नेमबाजी स्पर्धेत त्यांनी पात्रता फेरीत ४००पैकी ४०० गुण मिळवले होते. हार्बर लाइनने उलट दिशेला गेलात तर मुंबईत वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशन आहे. नेमबाज अंजली भागवत तिथे घडल्या.

विकत घ्यायची वेळ येईल तेव्हा पहिली पाहणी रायफलीची नाही, स्वतःची. कुठला डोळा वरचढ आहे ते आधी ठरवा. नेरूळ स्टेशनवर गाडीची वाट बघत असाल तेव्हा दोन्ही हात पुढे ताणून तळव्यांमध्ये छोटी तिकोनी खिडकी करा आणि तिच्यातून फलाटावरचं घड्याळ बघा. आता एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने घड्याळ खिडकीतच राहतं तो तुमचा डोळा. उजव्या हाताचा माणूस डाव्या डोळ्याचा निघाला तर ते प्रशिक्षकाच्या कानावर घालायचं, आपलं आपण काही ठरवायचं नाही.

मग दस्त्याची लांबी. कोपर काटकोनात वाकवा. कोपराच्या आतल्या बाजूपासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंतचं अंतर म्हणजे ढोबळमानाने तुमचा दस्ता. रायफल खांद्याला लावली, डोळे मिटले, गाल टेकवला आणि डोळे उघडले की साइटचं भोक समोर आलं पाहिजे. मान वाकवून ते शोधावं लागलं तर ती रायफल कितीही नामांकित असो, तुमची नाही. चांगल्या रायफलीत दस्ता आणि गालाची पट्टी दोन्ही सरकतात. वाढत्या वयाच्या मुलासाठी घेताना मी तर एवढंच बघतो. दोन वर्षांनी मूल सहा इंच उंच होतं, रायफल होत नाही.

वजन नियमाने जास्तीत जास्त साडेपाच किलो. पाच किलोच्या आट्याच्या पिशवीहून थोडं जास्तच, आणि ती पेलत सव्वा तासात साठ छर्रे झाडायचे. दंडाच्या जोरावर हे होत नाही. डावी कोपर कमरेच्या हाडावर टेकते, भार हाडांतून सरळ पायांत उतरतो. म्हणून नवख्याला हलकी रायफल सोपी वाटते खरी, पण फार हलकी रायफल नाडीच्या ठोक्यालाही उडते. शरीराला पेलेल त्यातली जड घ्यावी.

दुसऱ्या दिवशी भाच्याचा फोन. “मामा, मग पॉइंट टू-टू कधी?” एअर रायफलमध्ये वर्ष-दोन वर्षं गुण स्थिर राहिले की. कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकला तो पॉइंट टू-टूवरच, पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये. गंमत बघा, कांबळवाडी राधानगरी तालुक्यात, आणि त्याच तालुक्यातलं दाजीपूर म्हणजे कोल्हापूरच्या महाराजांचं शिकारीचं रान. १९५८ साली त्याचं अभयारण्य झालं. एकेकाळी जिथे गव्यावर नेम धरला जायचा, त्या मुलखातला पोरगा कागदावरच्या ठिपक्यावर नेम धरून ऑलिंपिकला पोचला. पॉइंट टू-टूत मात्र दारूचं काडतूस असतं, तिला परवाना हवाच. जिल्हा, राज्य अशी चढण चढत नेमबाज गणेश मावळंकर यांच्या नावाच्या अखिल भारतीय स्पर्धेपर्यंत जातात. लोकसभेचे पहिले सभापती मावळंकर हेच १९५१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्ष.

परवाना लागत नाही म्हणून गच्चीवरून कावळ्या-कबुतरांवर नेम धरायला एअरगन घेणारेही आहेत. पक्षी मारणं हा त्याच वन्यजीव कायद्याखाली गुन्हा ठरतो. पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी लहानपणी एअरगनने एक चिमणी मारली, तिचा गळा पिवळा दिसला म्हणून मामांनी त्यांना मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडलं, आणि तिथे सोसायटीचे सचिव मिलर्ड साहेबांनी पक्ष्यांची कपाटं उघडून दाखवली. ती १९०८ची गोष्ट. आज पक्षी बघायला पनवेलच्या पुढे कर्नाळा अभयारण्य आहे, तिथे दुर्बीण घेऊन जावं.

इथल्या पावसाचं एक सांगायचं राहिलं. जूनपासून आपल्याकडे भिंतींनाही ओल येते. रायफल फोमच्या पेटीत बंद करून ठेवली की गंजते. आधी कोरड्या कापडाने पुसायची, लोखंडाला तेलाचा हात फिरवायचा आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या. हातपंपाने दमट हवा भरली तर सिलिंडरमध्ये पाणी साचतं, म्हणून पावसाळ्यात क्लबच्या मोठ्या टाकीतली कोरडी हवा घ्यावी. छर्रे शिशाचे असतात. सराव संपला की साबणाने हात धुवायचे, मगच वडापाव.

भाच्याने येत्या शनिवारची वेळ घेतली आहे. त्याला सांगितलंय तेच तुम्हालाही: पहिल्या दिवशी बहुधा एकही छर्रा झाडायला मिळणार नाही, नुसतं उभं राहायला शिकवतील. बूट सपाट तळाचे घालून जा.