जुनी ‘फोर बाय फोर’ पिकअप घेताना काय तपासावे? पैसे आधी कुठे खर्च करावेत?

उतारावरची आंब्याची बाग, पावसाळ्यात चिखलाने भरणारा शेतरस्ता, घाटमाथ्यावरचे घर. अशा ठिकाणी माणसे आणि सामान दोन्ही न्यायचे असेल, तर चारही चाकांना ताकद देणारी पिकअप सोयीची ठरते. मात्र नव्या गाडीची किंमत अनेकांच्या आवाक्याबाहेर असते आणि पावले जुन्या बाजाराकडे वळतात. तिथे बरेचदा मोठे टायर, लोखंडी बंपर आणि छतावरच्या दिव्यांची रांग पाहून सौदा ठरतो. गाडीचे उरलेले आयुष्य मात्र चासी, ट्रान्सफर केस आणि कागदपत्रे यांवर अवलंबून असते.

जुन्या बाजारात पर्याय कोणते?

भारतात फोर बाय फोर पिकअपचे मॉडेल मोजकेच आले. महिंद्राची बोलेरो कॅम्पर आणि स्कॉर्पिओ गेटअवे, टाटाची झेनॉन आणि २०१६ मध्ये आलेली इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस ही त्यांतली प्रमुख नावे. टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये आली, पण ती अजून ‘जुनी आणि स्वस्त’ या गटात बसत नाही.

कॅम्परचे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात आणि तिचे काम बहुतेक गॅरेजवाल्यांना येते. व्ही-क्रॉस प्रवासाला अधिक आरामदायी आहे, पण तिचे भाग आणि जाणकार मेकॅनिक मुख्यतः शहरांत सापडतात. गेटअवे आणि झेनॉनचे उत्पादन थांबलेले आहे. त्यांचे इंजिनाचे भाग इतर मॉडेलशी जुळत असल्याने मिळू शकतात, पण दरवाजे, दिवे, हौद्याचे पत्रे यांसाठी शोधाशोध करावी लागते. त्यामुळे मॉडेल पक्के करण्याआधी जवळच्या गॅरेजमध्ये ‘ही गाडी इथे दुरुस्त होईल का’ हे विचारलेले बरे.

यांतील काही मॉडेल दोन चाकांच्या ड्राइव्हमध्येही विकली गेली आणि बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. त्यामुळे मागे चिकटवलेल्या ‘फोर बाय फोर’च्या स्टिकरवर विसंबू नये. खाली वाकून पाहावे. पुढच्या चाकांच्या मध्ये डिफरन्शियल आणि त्याच्याकडे जाणारा शाफ्ट दिसला, तरच गाडी फोर बाय फोर आहे.

‘फोर बाय फोर’ काम कसे करते?

या गाड्या रोजच्या रस्त्यावर मागच्या दोन चाकांवर चालतात. गरज पडल्यावर लिव्हर ओढून किंवा बटण फिरवून पुढची चाके जोडली जातात. हे काम गिअरबॉक्सला जोडलेली ट्रान्सफर केस करते. तिच्यातल्या ‘लो’ गिअरमध्ये वेग बराच कमी होतो आणि चाकांवरची ताकद त्याच प्रमाणात वाढते. सामान्यतः हे प्रमाण अडीच पटींच्या आसपास असते. चिखलातून हळू बाहेर पडायला किंवा तीव्र उतारावर ब्रेक न तापवता उतरायला हाच गिअर उपयोगी पडतो.

वळताना पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठे अंतर कापतात. माती किंवा वाळूवर टायर थोडे घसरून हा फरक सांभाळून घेतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर ते घसरत नाहीत आणि सगळा ताण शाफ्ट, गिअर आणि ट्रान्सफर केसवर येतो. म्हणून आधीचा मालक डांबरी रस्त्यावरही फोर बाय फोर लावून फिरत होता का, हे विचारावे. वर्षानुवर्षे ते एकदाही लावलेच नसेल, तर तेही चांगले लक्षण नाही. वापराविना जोडणी अडकते आणि आतले ऑइल जुने होते.

गाडीखाली काय पाहावे?

पिकअपची केबिन आणि हौदा स्वतंत्र चासीवर बसवलेले असतात. इंजिन बदलता येते, पण कुजलेली किंवा वाकलेली चासी परवडेल अशा खर्चात पूर्ववत होणे कठीण असते. खाडीकाठी, समुद्राजवळ किंवा रेतीच्या कामावर राहिलेल्या गाडीत गंजाची शक्यता जास्त असते. पाट्यांच्या जोडांपाशी, केबिनच्या मागे आणि चासीच्या खालच्या बाजूला छोट्या हातोडीने हलके ठोकून पाहावे. शाबूत लोखंड खणखणते, कुजलेले बद्द वाजते. सगळीकडे ताजा काळा रंग मारलेला असेल, तर तो कशासाठी मारला हे विचारावे.

केबिन आणि हौदा यांच्यामधली फट वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे सारखी हवी. ती एका बाजूला रुंद असेल, तर अपघात किंवा अति भार यामुळे चासी वाकलेली असू शकते. पाटे उलट्या दिशेला झुकले असतील, तर गाडीने क्षमतेपेक्षा जास्त माल वाहिला, असे समजावे.

त्यानंतर दोन्ही डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केस यांचे ऑइल मेकॅनिककडून पाहून घ्यावे. ते दुधाळ दिसले तर आत पाणी शिरलेले आहे. गरम झालेले डिफरन्शियल ओढ्याच्या थंड पाण्यात बुडाले, की आतली हवा आकसते आणि पाणी आत खेचले जाते.

चालवून काय कळते?

गाडी पाहायला जाताना इंजिन थंड ठेवायला सांगावे. गरम इंजिन अनेक दोष लपवते. सुरू करताच निळा धूर आला आणि येतच राहिला, तर ऑइल जळते आहे. दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर कुलंट जळत असल्याची खूण असते. सतत येणारा काळा धूर इंजेक्टर, एअर फिल्टर किंवा टर्बोकडे बोट दाखवतो.

मग गाडी कच्च्या रस्त्यावर न्यावी. फोर बाय फोर लावून सरळ चालवावी आणि पुढची चाके माती उडवतात का, हे कोणाला तरी बाहेर उभे करून पाहायला सांगावे. गाडी थांबवून न्यूट्रलमध्ये ‘लो’ लावावा. जोडणी नीट झाली की गाडी मुंगीच्या पावलांनी पण जोमाने चालते. कडकड आवाज आला किंवा गिअर आपोआप सुटला, तर मोठा खर्च पुढ्यात आहे.

कागद गाडीइतकेच महत्त्वाचे

पिकअप खासगी म्हणून नोंदलेली आहे की मालवाहू म्हणून, हे आरसीवर आधी पाहावे. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर तपासणी करून दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. मालवाहू गाडीला ८ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेसचे पासिंग लागते. चासी क्रमांक आरसीशी जुळतो का, कर्जाचा बोजा उतरला आहे का, चलाने थकली आहेत का, हेही तपासावे.

दुसऱ्या राज्यातली गाडी स्वस्त वाटते. पण ती १२ महिन्यांहून जास्त काळ इथे ठेवायची तर नवी नोंदणी करावी लागते. ना-हरकत प्रमाणपत्र आणि इथला रस्ता कर हा खर्च किमतीत धरूनच तुलना करावी.

पहिला खर्च मूळ स्थितीवर

खरेदीच्या बजेटपैकी पाचवा हिस्सा तरी बाजूला ठेवलेला बरा. त्यातून इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलची ऑइल बदलावीत. सर्व फिल्टर, बेल्ट, रेडिएटरचे पाइप, ब्रेक, शॉकअप आणि सस्पेन्शनचे रबर बुश पाहून घ्यावेत. हे काम फोटोत दिसत नाही, पण जंगलात गाडी बंद पडते ती बहुधा यांपैकीच कशाने तरी.

दुसरा खर्च टायरचा. चांगले ऑल-टेरेन टायर चिखलात जो फरक पाडतात, तो इतर कोणतीही सजावट पाडत नाही. चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखेच झिजलेले असावेत, नाहीतर ट्रान्सफर केसवर ताण येतो.

मोठ्या टायरचा मोह मात्र हिशेब करून आवरावा. २४५/७० आर १६ टायरचा व्यास सुमारे ७४९ मिलिमीटर असतो, तर २६५/७५ आर १६ चा ८०४. उंची वाढते व्यासातल्या फरकाच्या निम्मी, म्हणजे फक्त २७ मिलिमीटर. उलट प्रत्येक गिअर सुमारे ७ टक्क्यांनी ‘लांब’ होतो, चढाला जोर कमी पडतो आणि स्पीडोमीटर ८० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ८६ च्या आसपास धावते. ब्रेकवरचा भारही वाढतो.

तिसऱ्या क्रमांकावर स्वस्त पण कामाच्या वस्तू येतात: हवा मोजण्याचा गेज, छोटा कंप्रेसर, ओढण्याचा मजबूत पट्टा आणि डिफरन्शियलच्या श्वासनळ्या उंचावर नेणारे पाइप. वाळूत टायरमधली हवा कमी केली, की अडकलेली गाडी अनेकदा विंचशिवाय निघते. पुन्हा डांबरी रस्त्यावर येताच हवा भरणे मात्र आवश्यक.

कायद्याची रेषा कुठे?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले. पुढच्या लोखंडी गार्डविरुद्ध कारवाई करण्याची सूचना केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना दिली होती. असा गार्ड धडकेचा जोर थेट चासीकडे नेतो, एअरबॅगच्या सेन्सरच्या कामात अडथळा आणू शकतो आणि पादचाऱ्याला अधिक गंभीर इजा करतो. बदल विमा कंपनीला न कळवल्यास दाव्याच्या वेळी वाद होऊ शकतो.

वजनाचाही प्रश्न आहेच. जाड बंपर आणि विंच मिळून सहज शंभर किलोच्या आसपास जातात. तेवढाच माल हौद्यात कमी भरावा लागतो.

म्हणूनच आधीच खूप बदल केलेल्या गाडीपेक्षा कंपनीतून आली तशीच राहिलेली, नोंदी ठेवलेली साधी गाडी अधिक भरवशाची असते. इंजिन थोडे थकलेले चालेल, रंग उडालेला चालेल, सीट फाटलेली चालेल. चासी कुजलेली असेल, ‘लो’ लागत नसेल किंवा कागद जुळत नसतील, तर किंमत कितीही उतरली तरी त्या गाडीला नकार देणेच शहाणपणाचे.