कोपऱ्यातली सही

जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा सोडला की माझी नजर चित्राआधी कोपऱ्याकडे जाते. निरांजन घेतलेली स्त्री, तिच्या पदराची किनार, मागचा जांभळा काळोख हे सगळं नंतर. आधी खालच्या कोपऱ्यातली सही. आमच्या घरात अंक लेखकांच्या नावांआधी चित्रकाराच्या नावाने ओळखले जात. ‘यंदाचा दलालांचा आला का?’ असं विचारलं जाई. आज आपल्याभोवती त्या काळाच्या कितीतरी पट चित्रं आहेत. बिस्किटाच्या पुड्यावर, बँकेच्या ॲपमध्ये, मेट्रोच्या डब्यात, लहान मुलांच्या पुस्तकांत. सही मात्र शोधावी लागते आणि बहुतेकदा सापडत नाही. म्हणून मागणीनुसार, मोबदला घेऊन, ठरलेल्या तारखेला चित्र देणाऱ्या या कलावंतांबद्दल लिहायचं तर मला सहीपासूनच सुरुवात करावीशी वाटते.

दीनानाथ दलाल १९१६ साली मडगावला जन्मले, रघुवीर मुळगावकर १९१८ साली बार्देशातल्या अस्नोड्याला. दोघेही गोव्याचे आणि दोघांचीही कर्मभूमी मुंबई. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि मराठीत एक नवा सण सुरू झाला. पुढच्या काळात त्या सणाला चेहरा दिला तो या दोघांनी. दलालांनी १९४५ साली स्वतःचा ‘दीपावली’ काढला, मुळगावकरांनी ‘रत्नप्रभा’ चालवला. चित्रकार स्वतः अंकाचा मालक असल्यावर कोपऱ्यातल्या सहीला आपोआपच वजन येतं. मुळगावकरांच्या कुंचल्याने एकीकडे बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठं रंगवली आणि दुसरीकडे देवदेवतांची अशी चित्रं काढली, की लोकांनी ती कॅलेंडरमधून कापून काचेत मढवली आणि त्यांच्यापुढे उदबत्ती लावली. बाजारासाठी काढलेलं चित्र देवघरात गेलं. कुठल्याही प्रदर्शनातल्या मानापेक्षा हा मान मला मोठा वाटतो.

त्या चित्रांचं देखणेपण आपण ओळखतो, पण त्यामागची अडचण क्वचितच लक्षात घेतो. तेव्हा चित्र छापायचं म्हणजे आधी ब्लॉक करायचा. रेषाचित्र असेल तर पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने, छापायच्या मापापेक्षा मोठं काढायचं. मग कॅमेऱ्याने ते लहान करून जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचं आणि रेषेव्यतिरिक्तचा भाग आम्लाने खायचा. फार बारीक रेषा काढली तर ती ब्लॉकमध्ये तुटे, फार जवळजवळ काढल्या तर छापताना शाई भरून त्यांचा डाग होई. छटांचं चित्र असेल तर हाफटोन, म्हणजे ठिपक्यांची जाळी. वर्तमानपत्राच्या खरबरीत कागदाला इंचाला साधारण ६५ ओळींची जाळी चाले, आर्ट पेपरवर १२० ते १३३पर्यंत जाता येई. म्हणजे तोच चेहरा दोन कागदांवर दोन वेगळ्या हातांनी काढावा लागे. प्रत्येक रंगाला वेगळा ब्लॉक आणि प्रत्येक ब्लॉकला वेगळा पैसा. प्रकाशक म्हणे, ‘दोन रंगांत भागवा.’ मग चित्रकार ते दोन रंग असे निवडी, की एकावर एक पडले की फुकटात तिसरा मिळावा. कागदाचा पांढरा भाग हा तर चौथा रंगच. जुन्या मुखपृष्ठांवर जो नेटका, ठाम आकार दिसतो, तो या काटकसरीने घडवलेला आहे. चित्रकार कागदावर काढत असे आणि मनात छापखाना चालवत असे.

या विद्येला संस्थेचं घर मिळालं ते मुंबईतच. १८५७ साली सुरू झालेल्या सर ज. जी. कलाशाळेत १९३५ साली व्यावसायिक कलेचा विभाग निघाला आणि १९६१ साली त्याची स्वतंत्र उपयोजित कला संस्था झाली. ‘उपयोजित’ हा शब्द कागदोपत्री राहिला. विद्यार्थी आजही म्हणतात, ‘तो फाइनला आहे, मी कमर्शियलला.’ या वाक्यात एक जुनी उतरंड लपलेली आहे. फाइनवाला स्वतःच्या मनातलं काढतो, कमर्शियलवाला दुसऱ्याच्या, म्हणून पहिला कलावंत आणि दुसरा कारागीर. मला ही उतरंड कधीच पटली नाही. दुसऱ्याचं म्हणणं ऐकून, समजून, त्याला न सुचलेली बाजू त्यालाच दाखवणं हे मन रिकामं असलेल्या माणसाचं काम नव्हे. उदाहरणार्थ, चित्रकार वसंत सरवटे. पेशाने ते इंजिनिअर. लेखक जयवंत दळवींनी ‘ललित’ मासिकात ‘ठणठणपाळ’ हे टोपणनाव घेतलं, सरवट्यांनी त्या नावाला हातोडा घेतलेला माणूस दिला आणि वाचकांच्या मनात तो माणूस लेखकाइतकाच खरा झाला. कमल शेडगे यांनी अक्षरांच्या बाबतीत तेच केलं. २०२० साली ते गेले, तेव्हा अनेकांच्या लक्षात आलं, की कित्येक मराठी नाटकांची नावं आपण वाचत नव्हतो, त्यांच्या वळणात पाहत होतो.

आता आजच्या टेबलाशी येऊ. कादंबरीचं मुखपृष्ठ करणाऱ्या चित्रकाराकडे हस्तलिखित आता फाइल होऊन येतं. चांगला चित्रकार ते वाचतो. पूर्ण वाचायला वेळ नसेल तर निदान पहिली चाळीस पानं आणि शेवट. मग तीन-चार रफ. ही रफ म्हणजे विचाराचे तुकडे असतात. एकात माणूस, एकात फक्त जागा, एकात नुसती अक्षरं. प्रकाशक, लेखक आणि हल्ली विक्री पाहणारी व्यक्ती अशा तिघांच्या पसंतीतून एक रफ टिकतं. त्यानंतर टॅब्लेटवर स्टायलसने चित्र उभं राहतं. थर वेगळे, रंग वेगळे, चूक झाली तर एक पाऊल मागे. हात मात्र तोच लागतो. मनगट आखडलेलं असेल तर पडद्यावरची रेषाही आखडते.

आम्लाचा ब्लॉक गेला, पण छापखान्याने हात सोडलेला नाही. पुस्तकाचा कणा किती जाड होणार हे पानांची संख्या आणि कागदाचं वजन यांवर ठरतं. ऐन वेळी प्रकाशकाने कागद बदलला तर मागचं, पुढचं आणि कण्यावरचं असं सगळं चित्र सरकवावं लागतं. कापणीत पांढरी कड राहू नये म्हणून चारी बाजूंना साधारण तीन मिलिमीटर चित्र जास्तीचं ठेवायचं. पडद्यावरचे रंग प्रकाशाचे असतात, कागदावरचे शाईचे. टॅब्लेटवर पेटलेला केशरी आणि पोपटी रंग निळ्या, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईच्या मिश्रणात मंदावतो. जाणता चित्रकार आधीच थोडी माघार घेऊन रंग निवडतो. आता एक नवी अडचणही आली आहे. पुस्तक आधी फोनवर विकलं जातं आणि तिथं मुखपृष्ठ नखाएवढं दिसतं. दुकानाच्या फळीवर चार फुटांवरून हाक मारणारं चित्र वेगळं आणि नखाएवढ्या जागेत ओळख देणारं वेगळं. दलालांनी दोन कागदांचा विचार केला, आजचा चित्रकार दोन मापांचा करतो.

मुखपृष्ठ हा या धंद्याचा एक छोटा कोपरा. जाहिरातीचं चित्रीकरण होण्याआधी प्रत्येक प्रसंग काढून दाखवणारे स्टोरीबोर्डवाले आहेत. त्यांची चित्रं ग्राहकापर्यंत कधीच पोचत नाहीत. बैठकीत त्यांचं काम होतं आणि संपतं. वेष्टनांवर आंब्याची फोड काढणारे आहेत. ॲपमध्ये ‘पैसे पोचले’ हे दोन रेषांत सांगणारे आहेत. मुलांच्या पुस्तकांत तर चित्र निम्मी गोष्ट सांगतं. माधुरी पुरंदरे स्वतःच लिहितात आणि स्वतःच काढतात, म्हणून त्यांच्या पुस्तकांत शब्दाने जे सोडलं ते चित्राने नेमकं उचललेलं दिसतं. घरातला पसारा, पाय पोटाशी घेऊन बसलेलं मूल, दाराशी पडलेल्या चपला हे आपल्याकडचं असतं, कुठल्याही परक्या पुस्तकातून उतरवलेलं नसतं. मुलाला स्वतःचं घर छापलेलं दिसणं ही साधी गोष्ट नाही.

आणि मग अमूल लोण्याच्या जाहिरातीतली ती मुलगी. निळे केस, ठिपक्यांचा फ्रॉक. १९६६ साली सिल्व्हेस्टर डाकुन्हा आणि चित्रकार युस्टेस फर्नांडिस यांनी तिला जन्म दिला आणि मुंबईच्या रस्त्यांवरच्या फलकांतून ती बातमीवर बोलू लागली. देशापरदेशातले विषय तिने हाताळले. गेली तीन दशकं आणि अधिक काळ तिला रेखाटणारा हात जयंत राणे यांचा आहे. सिल्व्हेस्टर यांचे पुत्र राहुल डाकुन्हा, शब्द लिहिणारे मनीष झवेरी आणि राणे या तिघांची ही जोडणी. रात्री सामना संपतो किंवा निकाल लागतो आणि लगेच त्यावरचं चित्र तयार हवं असतं. खेळाडूचं, नेत्याचं, नटाचं साम्य दोन-चार रेषांत पकडायचं, शेजारी मुलगी जराही न बदलता उभी करायची आणि लोण्याचा तुकडा विसरायचा नाही. हे काम वर्षानुवर्षं, थकवा न दाखवता करणं म्हणजे साधना आहे. ती मुलगी देशभर ओळखली जाते. तिला काढणाऱ्या हाताचं नाव मात्र चौकात उभ्या असलेल्या दहा जणांना विचारून पाहा.

याउलट मारिओ मिरांडांची सही आठवा. गोव्यातल्या लोटलीच्या या माणसाने गर्दी काढली, बाजार काढले, कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंती भरल्या आणि नाव चित्रातच ठेवलं. २०११ साली ते गेले. आज गोव्यात फरशीवर, कपावर, झोळीवर त्यांचं चित्र घेणारा माणूस ‘एक मारिओ द्या’ म्हणतो. सही असली, की चित्राबरोबर माणूसही प्रवास करतो.

सही हा मानाचा प्रश्न आहे, तसाच हक्काचाही आहे. आपला १९५७चा कॉपीराइट कायदा या बाबतीत वाचण्यासारखा आहे. मोबदला देऊन काढून घेतलेल्या रंगचित्राचा किंवा व्यक्तिचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा ठरतो. म्हणून कामाआधी दोन ओळींचा करार करणं हे चित्रकारासाठी शाईइतकं गरजेचं आहे. हक्क सोपवायचा तर तो लेखी आणि सही करून सोपवावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि सगळ्यात मोलाची तरतूद अशी, की हक्क विकून टाकल्यावरही ‘हे चित्र मी काढलं आहे’ असं म्हणण्याचा अधिकार चित्रकाराकडेच राहतो. पैशाने चित्र विकत घेता येतं, त्यामागचं कर्तेपण विकत घेता येत नाही, हे कायद्याने मान्य केलं आहे. व्यवहारात ते मान्य व्हायचं आहे.

हे आज निकडीचं झालं आहे. २०२५च्या मार्चअखेर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी घरोघरच्या फोटोंना जपानच्या घिबली स्टुडिओचं रूप द्यायला सुरुवात केली आणि काही दिवसांत सगळ्यांचे फोन त्या हळुवार रंगांनी भरून गेले. लोकांना आनंद झाला, तो मी नाकारत नाही. पण हयाओ मियाझाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती शैली हाताने, एकेक चौकट काढून, अनेक दशकं राबून घडवली होती. यंत्राने हात उचलला आणि सही मागे ठेवली. उद्या कुणी ‘मुळगावकरांसारखी लक्ष्मी’ मागेल आणि तीही क्षणात मिळेल. तिच्या कोपऱ्यात काय असेल?

मला यावर उपाय सुचतो तो आपल्याच घरातला. कुठलंही बरं मराठी पुस्तक उघडा. आतल्या पानावर प्रकाशक, मुद्रक, आवृत्ती, किंमत यांच्या रांगेत एक ओळ असते : ‘मुखपृष्ठ’ आणि पुढे नाव. आत चित्रं असतील तर ‘आतील चित्रे’ आणि पुढे नाव. मराठी प्रकाशकांनी ही रीत पिढ्यान्‌पिढ्या पाळली आहे. तिला फार जागा लागत नाही आणि खर्च तर शून्य. बिस्किटाच्या पुड्यावर कारखान्याचा पत्ता, वजन, तारीख, तक्रारीचा क्रमांक इतकं मावतं, तिथं आणखी एक नाव मावेल. ॲपच्या ‘आमच्याविषयी’ या पानावर मावेल. फलकाच्या खालच्या कडेलाही मावेल.

वाचक म्हणून माझ्या हातात आहे ते मी करतो. नातीला गोष्ट वाचून दाखवताना आधी लेखकाचं नाव वाचतो, मग चित्रकाराचं. परवा तिने नवं पुस्तक आणलं, मांडीवर उघडलं आणि गोष्टीआधी विचारलं, ‘चित्रं कुणी काढली?’ आम्ही दोघांनी मिळून ती ओळ शोधली. नाव होतं. तिने त्यावर बोट ठेवून ते एकेक अक्षर लावत वाचलं, आणि मगच पान उलटलं.