विश्लेषण : शिडाच्या बोटीतून कोकण सफर… किनाऱ्याचा टप्पा निवडायचा कसा?

गोंदिया शहरालगतचे नागरा ओळखले जाते ते प्राचीन शिवमंदिरासाठी. येथून अरबी समुद्र जवळपास हजार किलोमीटरवर आहे. तरीही गोंदियातून सुटणारी विदर्भ एक्स्प्रेस एका रात्रीत मुंबईला पोहोचवते आणि तेथून लहान शिडाच्या बोटीने कोकण किनारा पाहण्याची सुट्टी आखता येते. मात्र तलावांच्या जिल्ह्यात डोंगा चालवलेल्यालाही समुद्राची भरती-ओहोटी, खारे वारे आणि जहाजांची वर्दळ नवीनच असते. त्यामुळे ‘सर्वांत सुंदर किनारा कोणता’ यापेक्षा ‘संध्याकाळी बोट सुरक्षित कुठे उभी राहील’ हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

एका दिवसात किती अंतर कापता येते?

२५ ते ३० फुटांची शिडाची बोट बऱ्या वाऱ्यात तासाला साधारण ४ सागरी मैल जाते. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. दिवसाउजेडी सहा तास प्रवास केला तर २४ सागरी मैल होतात. वारा पडला किंवा समोरून आला तर हेच अंतर निम्म्यावर येते. म्हणून पुढचा आसरा १२ ते १५ सागरी मैलांवर असेल असाच टप्पा नवख्यांनी निवडावा.

आसरा म्हणजे केवळ किनारा नव्हे. उघड्या पुळणीसमोर नांगर टाकला तर दुपारनंतरच्या लाटांनी बोट रात्रभर हेलकावत राहते आणि नांगर सरकला तर ती थेट किनाऱ्यावर जाते. खाडीचे मुख, आडोशाचा उपसागर किंवा मोठे बंदर हाच खरा आसरा.

कोकणात असे टप्पे कोणते?

महाराष्ट्राच्या किनाऱ्याचे ढोबळमानाने तीन भाग पडतात. पहिला मुंबई ते राजपुरी. मांडवा, रेवदंडा आणि राजपुरीची खाडी हे येथील थांबे. मांडवा ते रेवदंडा सुमारे १७ आणि रेवदंडा ते राजपुरी सुमारे १५ सागरी मैल. वाटेत खांदेरी, उंदेरी, कुलाबा, कोर्लई आणि शेवटी जंजिरा दिसतो.

दुसरा राजपुरी ते रत्नागिरी. येथे सुवर्णदुर्ग, दाभोळ आणि जयगड आहेत. निसर्ग देखणा, पण राजपुरीहून हर्णै गाठायला जवळपास ३० सागरी मैल लागतात. मधल्या श्रीवर्धन-बाणकोट भागात शिरायचे तर खाडीच्या मुखावरील वाळूच्या दांड्याची माहिती हवी.

तिसरा विजयदुर्ग ते मालवण. विजयदुर्ग ते देवगड सुमारे ११, तर देवगड ते मालवण सुमारे २० सागरी मैल. विजयदुर्ग आणि देवगड ही दोन्ही उत्तम नैसर्गिक बंदरे. मालवणजवळ मात्र पाण्याखालचे खडक आहेत. स्थानिक तांडेल सोबत नसेल तर तेथे शिरू नये.

खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग या चार किल्ल्यांचा जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यामुळे या किनाऱ्याचे आकर्षण वाढले आहे. मात्र सागरी किल्ला म्हणजे बोटीचा मुक्काम नव्हे. खांदेरीसारखे बेट चहूबाजूंनी उघडे असते. ते दिवसा पाहून पुढे जावे.

कोणता महिना योग्य?

१ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते आणि पावसाळ्यात गेटवे-मांडवा प्रवासी वाहतूकही थांबते. मोठ्या बोटी थांबतात तेथे लहान बोटीने जाण्याचा प्रश्नच नाही. पावसाळ्याच्या दोन्ही टोकांना चक्रीवादळांचा धोका असतो. ‘फयान’ नोव्हेंबर २००९ मध्ये, ‘निसर्ग’ ३ जून २०२० रोजी, तर ‘तौक्ते’ मे २०२१ मध्ये आले. डिसेंबरच्या सुरुवातीलाही ‘ओखी’ने २०१७ मध्ये किनारा हादरवला होता. म्हणून डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ त्यातल्या त्यात भरवशाचा.

वाऱ्याचे गणित काय?

या काळात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. दुपारी वायव्येकडून खारे वारे जोर धरतात. दक्षिणेकडे जाताना हे दुपारचे वारे पाठीशी असतात, त्यामुळे जाणे सोपे वाटते. फसगत होते ती परतताना. तोच वारा समोरून येतो, बोटीला नागमोडी जावे लागते आणि अंतर व वेळ दोन्ही वाढतात.

यावर मच्छीमारांचा जुना उपाय म्हणजे पहाटेची मतलई पकडणे. तो वारा बोटीच्या बाजूवर येत असल्याने उत्तरेकडेही नीट जाता येते. परतीचे टप्पे उजाडताच सुरू करून दुपारपूर्वी संपवावेत आणि जाण्यापेक्षा येण्यासाठी एक दिवस जास्त ठेवावा.

तिथी का पाहायची?

मुंबईत अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती आणि ओहोटीच्या पाण्यात ४ मीटरहून अधिक फरक पडतो. दक्षिणेकडे तो कमी होत जातो. गोव्यात तो साधारण २ मीटर असतो. संध्याकाळी भरपूर पाण्यात नांगरलेली बोट पहाटे चिखलात कलंडलेली सापडू शकते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा हा फरक आणि खाडीतील ओढ दोन्ही कमी असतात. सुट्टीची तारीख ठरवताना दिनदर्शिकेतील तिथी पाहावी ती यासाठी.

मग पहिल्या सफरीसाठी कोणता भाग?

शिडाच्या बोटी भाड्याने मिळण्याची सोय प्रामुख्याने मुंबई आणि गोव्यात आहे. ते लक्षात घेता अनुभवी चालक सोबत घेऊन मुंबई ते राजपुरी हा टप्पा व्यवहार्य ठरतो. जाऊन-येऊन अंतर साधारण ८० सागरी मैल. दहा दिवसांच्या सुट्टीत दोन दिवस रेल्वेचे, एक सरावाचा, सहा प्रवासाचे आणि एक राखीव, असे गणित बसते. राजपुरीला पोहोचल्यावर जंजिऱ्यावर स्थानिकांच्या शिडाच्या होडीतून जाता येते आणि आपली बोट खाडीच्या आडोशाला राहते.

या टप्प्याचे दोन धोके मात्र ठळक आहेत. पहिला मुंबई बंदरातील वर्दळ. १८ डिसेंबर २०२४ रोजी नौदलाची स्पीडबोट प्रवासी बोटीवर आदळून डझनाहून अधिक जणांचा जीव गेला, तोही गेटवेजवळच्याच पाण्यात. त्यामुळे जहाजांचा मार्ग दिवसाच आणि झटपट ओलांडावा. बोटीत पाय ठेवल्यापासून उतरेपर्यंत जीवरक्षक जॅकेट अंगावर हवे. दुसरा धोका रायगडच्या किनाऱ्यावरील जाळ्यांचा. डोल जाळ्यांचे दोर इंजिनाच्या पंख्यात अडकतात. तरंगते बोये दिसताच वळसा घालावा.

निघण्यापूर्वी काय तपासावे?

बोटीची नोंदणी आणि परवाना, प्रत्येकासाठी जॅकेट, व्हीएचएफ रेडिओ आणि दोन नांगर. हवामान विभागाचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’चा लाटांचा अंदाज रोज पाहावा. तटरक्षक दलाचा आपत्कालीन क्रमांक १५५४ आहे. किनाऱ्यावरील एका व्यक्तीकडे रोजचा मार्ग आणि पोहोचण्याची वेळ द्यावी. ही व्यक्ती नागऱ्यातील घरातलीही असू शकते. ठरल्या वेळी फोन आला नाही, तर कुणाला कळवायचे हे तिला माहीत असले की पुरे.

आणि इशारा आला तर? त्या दिवशी शीड उभारायचे नाही. राखीव दिवस ठेवलेला असतो तो त्यासाठीच.