विमान म्हातारे कधी होते?

अमेरिकेतल्या कुठल्याही छोट्या विमानतळावर गेलात, तर तिथे उभी असलेली बरीचशी विमाने ती उडवणाऱ्या माणसांहून वयाने मोठी निघतात. पन्नास वर्षांची मोटार एकतर भंगारात जाते किंवा हौशी माणसाच्या गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली असते. पन्नास वर्षांचे विमान मात्र सकाळी विद्यार्थ्याला शिकवून येते आणि दुपारी मालकाला दुसऱ्या राज्यात जेवायला घेऊन जाते. ओहायोत आम्ही चौघे मिळून १९७४ सालचे सेसना १७२ एम जातीचे एक विमान बाळगून आहोत. चार आसने, दीडशे अश्वशक्तीचे एक इंजिन, ताशी सुमारे दोनशे किलोमीटर वेग, तासाला तीसेक लिटर इंधन. भारतात गेल्यावर ‘स्वतःचे विमान’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर भलतेच चित्र उभे राहते. माझ्या वाट्याच्या चौथ्या हिश्श्याला एका बऱ्या मोटारीइतकेही पैसे पडले नव्हते. खरा खर्च विकत घेण्यात नसतो, तो नंतर सुरू होतो.

जे. आर. डी. टाटांनी १९३२ साली पस मॉथ विमानातून कराची ते मुंबई टपाल आणले. त्याला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १९८२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी तोच मार्ग लेपर्ड मॉथमधून पुन्हा एकट्याने उडून दाखवला. लाकडी सांगाड्याचे ते विमान सगळ्यांना पुराणवस्तू वाटले होते. लेपर्ड मॉथची पहिली भरारी १९३३ सालची. म्हणजे त्या दिवशी ते विमान पन्नाशीच्याही आत होते. आमचे विमान आज त्याहून जुने आहे आणि त्याला कुणी पुराणवस्तू म्हणत नाही. मग विमानाचे वय मोजायचे तरी कशाने?

आधी, एवढी जुनी विमाने वापरात का, ते पाहू. १९७८ साली अमेरिकेतल्या कारखान्यांतून सतरा हजारांहून अधिक छोटी-मोठी खासगी विमाने बाहेर पडली. १९९४ साली तोच आकडा हजाराच्या खाली होता. मंदी, महाग इंधन ही कारणे होतीच. पण कारखानदारांचे सर्वांत मोठे गाऱ्हाणे होते नुकसानभरपाईच्या दाव्यांचे. तीस वर्षांपूर्वी विकलेले विमान कोसळले, तरी वारस कारखान्याला कोर्टात खेचू शकत. सेसनाने १९८६ साली पिस्टन इंजिनाची विमाने बनवणेच थांबवले. पायपर कंपनी १९९१ साली दिवाळखोरीत गेली. १९९४ साली काँग्रेसने कायदा करून अशा छोट्या विमानांच्या बाबतीत कारखान्याची जबाबदारी अठरा वर्षांपुरती मर्यादित केली, आणि १९९६ पासून १७२ पुन्हा बनू लागले. आजवर त्याची चव्वेचाळीस हजारांहून अधिक नगे बनली आहेत. जगात दुसरे कुठलेही विमान इतके बनलेले नाही. पण मधल्या दहा वर्षांचे खिंडार राहिले ते राहिलेच. नव्या विमानाची किंमत आता चार लाख डॉलरच्या पुढे आहे. तेव्हा सामान्य ऐपतीच्या माणसाने उडायचे तर सत्तरच्या दशकातलेच उडवायचे, ही परिस्थिती आहे. त्यात जुन्याच्या प्रेमाचा भाग थोडा.

कायद्याला विमान किती जुने आहे याच्याशी देणेघेणे नाही. तो दोनच प्रश्न विचारतो. हे विमान मंजूर झालेल्या आराखड्याबरहुकूम आहे का? आणि सुरक्षित उडण्याच्या स्थितीत आहे का? दर बारा महिन्यांनी खास अधिकार असलेल्या मेकॅनिकने विमान उघडून तपासायचे आणि दोन्ही प्रश्नांना ‘हो’ म्हणून सही करायची. ती सही नसेल, तर विमान उडवता येत नाही. या वार्षिक तपासणीत पंखांखालच्या आणि पोटाच्या झाकणांचे शेकडो स्क्रू काढावे लागतात. आमच्यासारखे मालक हे हमालीचे काम स्वतः करतात. मेकॅनिकचे तास वाचतात आणि आपले विमान आतून कसे दिसते तेही कळते. तेल बदलणे, टायर बदलणे, स्पार्क प्लग साफ करणे अशी ठरावीक कामे तर परवानाधारक वैमानिक-मालकाला स्वतःच्या सहीनेही करता येतात. आणि विमान उडण्यालायक ठेवण्याची मूळ जबाबदारी मेकॅनिकवर नाही, मालकावर आहे, हे नियमांत स्पष्ट लिहिले आहे. पुष्कळ मालकांना ते ठाऊक नसते.

प्रत्येक काम नोंदवहीत चढते. सांगाड्याची एक, इंजिनाची एक, प्रोपेलरची एक. विमानाचा हा सातबाराच म्हणायचा. कुणी कधी काय बदलले, कुठल्या शेतात उतरताना चाक मोडले, पंखाचा कोणता पत्रा नवा घातला, हे सगळे त्यात असते, निदान असायला हवे. वह्यांमधली एक जरी हरवली तरी विमानाची किंमत घसरते, कारण पत्रा बघून सगळा इतिहास कळत नाही. आमच्या पहिल्या वहीत १९७४ सालच्या कारखान्यातल्या नोंदी आहेत, निळ्या शाईत, वळणदार अक्षरात. त्यानंतर इंजिनाचे सिलिंडर बदलले, मॅग्नेटो बदलले, रेडिओ तीनदा बदलले, काच, गाद्या, रंग बदलले. २०२० पासून मोठ्या विमानतळांच्या आसपास उडायचे तर आपले ठिकाण सतत प्रक्षेपित करणारे एडीएस-बी यंत्र सक्तीचे झाले, तेही बसवले. मूळचे म्हणून जे उरले आहे ते मुख्यतः ॲल्युमिनियमचा सांगाडा आणि नोंदणीक्रमांक.

एखाद्या जातीच्या विमानांत धोकादायक दोष आढळला, की विमान वाहतूक प्रशासन, म्हणजे एफएए, सक्तीचा आदेश काढते. सेसनाच्या बाबतीतला सर्वांत बोलका आदेश इंजिनाचा नाही, खुर्चीचा आहे. वैमानिकाची खुर्ची दोन रुळांवर मागेपुढे सरकते आणि रुळातल्या भोकात खुंटी बसून अडकते. वर्षानुवर्षांच्या वापराने भोके लांबट होतात, खुंटी झिजते. विमान धावपट्टी सोडून नाक वर करते त्या क्षणी खुंटी निसटली तर खुर्ची मागे घसरते, आणि वैमानिक आधारासाठी हातातले नियंत्रणच घट्ट धरून मागे ओढतो. नाक आणखी वर जाते, वेग तुटतो. यात माणसे मेली आहेत. म्हणून १९८७ पासून रूळ, भोके आणि खुंट्या ठरावीक मुदतीने मोजाव्या लागतात; २०११ साली हा आदेश सुधारून पुन्हा काढला गेला. एवढ्याशा भोकाची झीज मोजायला पाच मिनिटे लागतात. माझ्या मते विमानाच्या देखभालीतली ही सर्वांत मोलाची पाच मिनिटे आहेत.

सांगाड्याचा शत्रू गंज. त्या काळात कारखान्यात आतल्या पत्र्यांना गंजरोधक लेप सरसकट दिला जात नसे; पाण्यावर उतरणारे विमान हवे असेल किंवा गिऱ्हाइकाने जादा पैसे मोजले असतील, तरच. त्यामुळे फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर उघड्यावर वाढलेले विमान आणि ॲरिझोनाच्या वाळवंटातले विमान एकाच महिन्यात जन्मले असले तरी समवयस्क नसतात. विकत घेताना तासांआधी पत्ता विचारावा.

आता इंजिन. आमच्या लायकमिंग इंजिनाला बनवणाऱ्यांनी दोन हजार तासांची मुदत दिली आहे. त्यानंतर ते पूर्ण उघडून नव्याने बांधावे अशी शिफारस. भाड्याने किंवा धंद्यासाठी न चालवणाऱ्या खासगी मालकावर ती बंधनकारक नाही. दोन वर्षांपूर्वी आमचे दोन हजार तास भरले आणि चौघांत वाद सुरू झाला. नवी बांधणी म्हणजे तीस-चाळीस हजार डॉलर, जवळपास विमानाच्याच निम्म्या किमतीइतके. पण प्रश्न पैशांपुरता नव्हता. त्या एकाच इंजिनाच्या भरवशावर आमची बायका-मुले मागच्या आसनांवर बसतात.

एका भागीदाराचे म्हणणे होते, मुदत संपली म्हणजे संपली. हे म्हणणे सरळ आहे, शहाणपणाचेही वाटते. परंतु यंत्रांच्या वयाचा ज्यांनी नीट अभ्यास केला त्यांचे निष्कर्ष इतके सरळ नाहीत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या किनारी विभागात सी. एच. वॅडिंग्टन नावाचे जीवशास्त्रज्ञ विमानांच्या बिघाडांची आकडेवारी तपासत होते. दर पन्नास तासांच्या नियमित तपासणीनंतर बिघाड कमी व्हायला हवेत. प्रत्यक्षात ते तपासणीनंतर लगेच वाढत आणि मग हळूहळू उतरत, पुढच्या तपासणीपर्यंत. ठीक चाललेले यंत्र उघडण्यातच काही चुका घुसत होत्या. पुढे १९७८ साली युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी अमेरिकी संरक्षण खात्यासाठी केलेल्या अभ्यासात आढळले, की त्यांनी तपासलेल्या विमानाच्या भागांपैकी ८९ टक्के भागांना ‘इतक्या तासांनी बदला’ अशा मुदतीचा काही फायदा नव्हता. पुष्कळ भाग म्हातारपणी नव्हे, नवे असतानाच जास्त बिघडत. म्हणजे कालच बांधून आणलेले इंजिन हे पहिल्या काही तासांत दोन हजार तासांच्या इंजिनाहून अधिक भरवशाचे असतेच असे नाही.

उलट, न वापरणे हे इंजिनाला खरोखर म्हातारे करते. लायकमिंगचा कॅमशाफ्ट इंजिनाच्या वरच्या भागात असतो. विमान आठवडेच्या आठवडे उभे राहिले, की त्याच्यावरचे तेल निथळून खाली जाते आणि ओलाव्याने त्यावर गंजाचे ठिपके येतात. मग इंजिन सुरू झाले की ते ठिपके कानशीसारखे घासत राहतात. हँगरच्या दाराशी दहा मिनिटे इंजिन चालवून ठेवणारे लोक मी पाहतो. त्याने तेल पुरेसे तापत नाही, आतले पाणी उडत नाही, उलट भर पडते. तासभर उडणे हाच उपाय. वर्षाला वीस तास उडणाऱ्या ‘कमी वापरलेल्या’ विमानाची जाहिरात वाचली की आमचा मेकॅनिक हसतो. आमचे विमान चौघांमुळे वर्षाला शंभराच्या वर तास उडते. भागीदारीचा हा फायदा खर्च वाटून घेण्यापेक्षा मोठा आहे.

शेवटी आम्ही इंजिन न उघडण्याचे ठरवले, पण काही अटी कागदावर लिहून. दर पन्नास तासांनी किंवा चार महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा तेल बदलायचे आणि जुना फिल्टर कापून त्याची घडी उलगडून धातूचे कण शोधायचे. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा. लोह, क्रोमियम, तांबे यांचे प्रमाण मागच्या वेळेपेक्षा वाढले का ते पाहायचे. एकटा आकडा फारसे सांगत नाही, आकड्यांची चाल सांगते. दरवर्षी प्रत्येक सिलिंडरमध्ये दर चौरस इंचाला ऐंशी पौंड दाबाची हवा भरून किती टिकते ते मोजायचे. दाब साधारण साठच्या खाली आला तर कान लावायचा: धुराड्यातून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, तेल भरण्याच्या नळीतून आली तर पिस्टनच्या रिंगा. आणि स्पार्क प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून व्हॉल्व्हचे फोटो काढायचे. निरोगी एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर रंगांची वर्तुळे सारखी पसरलेली असतात. एका कडेला ती सरकली, की तिथे जळायला सुरुवात झाली. यातली कोणतीही खूण दिसली तर इंजिन उघडायचे, त्या दिवशी तास कितीही असोत. विरोधात असलेल्या भागीदाराने या कागदावर सही केली, पण रात्रीचे उड्डाण त्याने तेव्हापासून सोडले आहे. मला त्याचे चुकते असे वाटत नाही.

इंधनाचा प्रश्न अजून लोंबकळत आहे. छोटी विमाने जे निळसर पेट्रोल जाळतात त्यात आजही शिसे असते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२३ साली या शिशामुळे सार्वजनिक आरोग्याला धोका असल्याचा निष्कर्ष अधिकृतपणे जाहीर केला. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीने त्याआधीच, २०२२ च्या सुरुवातीपासून, आपल्या दोन विमानतळांवर त्याची विक्री बंद केली होती. शेजारच्या वस्तीतल्या मुलांच्या रक्तातल्या शिशाचा तो प्रश्न होता. २०३० अखेरपर्यंत शिसे हद्दपार करायचे असे सरकार आणि उद्योग दोघांचेही उद्दिष्ट आहे. जास्त ऑक्टेन लागणाऱ्या ताकदवान इंजिनांच्या मालकांना याची धास्ती आहे. आमचे इंजिन मात्र ऐंशी ऑक्टेनच्या इंधनासाठीच बनलेले. त्याला हे शिसे मुळी नकोच आहे. प्लगवर त्याच्या गोळ्या साचतात आणि खालचे प्लग आम्ही दर तेलबदलाला टोकराने कोरून काढतो. मोटारीचे पेट्रोल वापरण्याची अशा इंजिनांना जादा परवानगीपत्र घेऊन मुभाही मिळते. अडचण एवढीच, की त्यात इथेनॉल अजिबात नको, आणि तसे पेट्रोल आमच्या जवळपास एकाच पंपावर मिळते, विमानतळापासून बावीस मैलांवर.